बाणावलीचा बाण आणि सासष्टीचे बांध

जबलपूर जिल्ह्यातील मझौली येथे विष्णुवराहाचे प्राचीन मंदिर आहे. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. तरी तेथे पूजिला जाणारा देव बुडालेली पृथ्वी जलातून वर काढणारा. भूमी ही पाण्यापासून मिळवावी लागते, ही कल्पना मध्यदेशात श्रद्धेचा विषय राहिली. कोकणात मात्र ती गावांच्या नावांत उतरली.

परशुरामाने जिंकलेली पृथ्वी कश्यपास दान दिली. दान दिलेल्या भूमीवर राहणे उचित नव्हे, म्हणून त्याने सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी कथा आहे. केरळात बाणाच्या जागी परशू येतो. गोमंतकीय परंपरेनुसार हा बाण जेथे पडला ती बाणावली. स्वतःस स्कंदपुराणाचा भाग म्हणविणाऱ्या सह्याद्रिखंडात परशुरामक्षेत्राची ही परंपरा ग्रथित झाली. डॉ. जेर्सन द कुन्हा यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १८७७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केली.

बाणावली ज्या प्रदेशात वसली आहे त्याचे नाव सासष्टी. सहासष्ट वसाहतींची ती सासष्टी आणि तीस वाड्यांची ती तिसवाडी, अशी उपपत्ती परंपरेने दिली जाते. येथे विचार करण्याजोगा भेद आहे. बाणावली हे नाव एका धनुर्धराचे स्मरण करते. सासष्टी आणि तिसवाडी ही नावे वसलेल्या माणसांची मोजदाद करतात.

ही माणसे काय करीत होती, ते खाजनांवरून कळते. खाडीकाठच्या दलदलीस माती, गवत आणि दगड यांचे बांध घालावयाचे, भरतीचे पाणी मानशीच्या दारांनी अडवावयाचे, ओहोटीला आतले पाणी सोडावयाचे आणि खारटपणा सोसणारे कोरगुट भात पेरावयाचे, अशी ही रीत. बांधांची देखभाल गावकारी या ग्रामसंस्थेकडे असे. पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये या संस्थांच्या रूढी आणि हक्क लेखनिविष्ट केले.

पुराणकथा खोटी म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. समुद्राकडून भूमी घेतल्याची आठवण तिच्यात असावी. परंतु कथेने त्या कर्माचा कर्ता बदलला. अनेक पिढ्यांचे श्रम एका बाणात सामावले आणि ग्रंथाने ज्यांस त्या भूमीवर वसविले, त्यांच्या अधिकारास दैवी आधार मिळाला. चिखल वाहणाऱ्या गावडे-कुणब्यांसारख्या कष्टकऱ्यांसाठी ग्रंथात असे स्थान उरले नाही.

कथेतील समुद्र एकदाच मागे हटला. खाजनातला समुद्र दररोज दोनदा बांधापर्यंत येतो, आणि बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते. किनाऱ्यावरील नावांचा इतिहास लिहिताना बाणाबरोबर या बांधांचीही नोंद घेतली पाहिजे.