वाचादोष आणि वाणी-अभिज्ञान

अर्धांगवायू, कंपवात, सेरेब्रल पाल्सी किंवा एएलएस या मज्जासंस्थेच्या विकारांत जीभ, ओठ, टाळू व श्वास यांवरील ताबा सुटून बोलणे अस्पष्ट होते. या दोषाला डिसआर्थ्रिया म्हणतात. असे बोलणे ओळखून अक्षरांत उतरवणारे तंत्र म्हणजे या नोंदीचा विषय.

नेहमीची यंत्रणा निरोगी आवाजांवर शिकलेली असते, त्यामुळे ती येथे अडखळते. मऊ टाळू सैल पडला की हवा नाकातून निसटते आणि ‘ब’ हा ‘म’सारखा ऐकू येतो, महाप्राण क्षीण झाला की ‘ख’ व ‘क’ यांतला भेद पुसट होतो. घरच्यांना मात्र सवयीने सारे कळते. यंत्रालाही हीच सवय लावता येते: त्या व्यक्तीने वाचलेली वाक्ये नोंदवून प्रारूप तिच्या आवाजाशी जुळवले जाते. गूगलचा ‘प्रोजेक्ट युफोनिया’ (2019) याच दिशेचा. इलिनॉय विद्यापीठाने 2022 मध्ये ‘स्पीच ॲक्सेसिबिलिटी प्रोजेक्ट’ सुरू केला; त्याचा आरंभ इंग्रजीपासून झाला.

भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा शासकीय उपक्रम 2022 पासून आहे. पण खानदेशात प्रश्न दुहेरी होतो: वाचादोषाचा आणि बोलीचाही. धुळ्यातील देवपूरसारख्या भागात अनेकांची घरची बोली अहिराणी; तिच्यात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र अशा रुग्णाचा बोलीतला अचूक उच्चारही चूक धरण्याचा धोका आहे. म्हणून मराठीचा आवाजसंग्रह उभारताना अहिराणी बोलणारे रुग्ण सुरुवातीपासून, त्यांच्या संमतीने, त्यात असलेच पाहिजेत.