पुढची दोन चाके

सन २०१९च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती, पण पाऊस काही परतायचे नाव घेत नव्हता. विधानसभेच्या मतदानाचा आदला दिवस, वीस तारीख. मतदान यंत्रे, एक शिपाई, दोन कारकून आणि केंद्राध्यक्ष म्हणून अस्मादिक, अशी आमची वरात एका जुन्या, भाड्याच्या जीपमधून डोंगरातल्या वस्तीकडे निघाली होती. शेवटच्या चढणीवर तांबड्या चिखलात मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली. चालकाने मोठ्या आत्मविश्वासाने धाकटा दांडा पुढे ढकलला.

"आता बघा गुरुजी, चारी चाकं वढतील."

मी खाली उतरून पाहिले. मागची चाके फिरत होती. पुढची दोन मात्र आंधळ्या बैलासारखी निश्चल उभी होती. चालकाने गाडीखाली डोके घातले आणि बराच वेळ ते बाहेर काढलेच नाही. काढले तेव्हा एवढेच म्हणाला, "गुरुजी, फुडचा शाफ्टच नाही!"

यंत्रे डोक्यावर घेऊन आम्ही चालत वर गेलो, दिवेलागणीनंतर पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी मतदान वेळेवर सुरू झाले. ते असो. पण ज्या गाडीची सारी ख्याती चार चाकांच्या ओढीवर, तिच्यातली नेमकी ती ओढच कोणी का काढून ठेवावी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तिचे उत्तर शोधता शोधता मी सव्वाशे वर्षे मागे गेलो.

पुढच्या चाकांना ओढायला लावणे वाटते तितके सोपे नाही. मागचे चाक बिचारे सरळमार्गी. त्याला इंजिनाने फिरवले की ते फिरते. पुढच्या चाकाला मात्र फिरायचे असते आणि वळायचेही असते. फिरवणारा दांडा जर ताठ असेल तर चाक वळणार कसे? मोडता सांधा हवा. असा सांधा युरोपात फार जुना. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताचे नाव त्याला चिकटले आहे, आणि आपले मिस्त्री त्यातल्या फुलीच्या आकाराच्या तुकड्याला नुसते 'क्रॉस' म्हणतात. पण या सांध्याची एक खोड आहे. तो वाकला की दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. वळण जितके तीव्र, तितका हिसका मोठा.

हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी १९०३ साली चारी चाकांनी ओढणारी मोटार करून दाखवली. पण मला त्यांच्यापेक्षा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन प्रांताचा ऑटो झाखो अधिक जवळचा वाटतो. क्लिंटनव्हिल नावाच्या लहानशा गावी त्याचे लोहारकामाचे आणि यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. मेहुणा विल्यम बेसरडिख याला सोबत घेऊन त्याने मोडता सांधा एका पोकळ गोळ्यात बंद करून टाकला. सांधा आत सुरक्षित फिरत राहतो आणि गोळ्यावर चाक हवे तसे वळते. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. गावठी भात्यापाशी बसणाऱ्या माणसाने हे करावे याचे मला कौतुक वाटते. आमच्याकडचा एखादा लोहार अशी कल्पना घेऊन गेला असता तर त्याला आधी मॅट्रिकचे प्रशस्तिपत्र विचारले असते! त्यांच्या कंपनीच्या मोटारी फारशा खपल्या नाहीत, पण तीन टनी मालमोटारींनी पहिल्या महायुद्धात फ्रान्सचा चिखल हजारोंच्या संख्येने तुडवला.

हिसक्याचा बंदोबस्त मात्र १९२६च्या सुमारास झाला, आणि गंमत अशी की दोन ठिकाणी एकदमच. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी एक सांधा काढला, तर अमेरिकेत आल्फ्रेड झेपा याने दुसरा. झेपाच्या सांध्यात खोबणींत बसवलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. दांडा कसाही वाको, या गोळ्या नेहमी कोन दुभागणाऱ्या पातळीत राहतात, आणि म्हणून दोन्ही बाजू समान गतीने फिरतात.

मग आली जीप. १९४० साली अमेरिकन लष्कराने एकशे पस्तीस कंपन्यांना पत्रे धाडली: हलकी, चारी चाकांनी ओढणारी गाडी हवी, वजन तेराशे पौंड, आणि पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत. वजनाची अट कोणालाच पाळता आली नाही. बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने जुलैत जेमतेम दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबरला तो नमुना स्वतः चालवीत हॉलाबर्डच्या छावणीत मुदतीच्या अर्धा तास आधी हजर झाला. पुढे मोठी कंत्राटे मिळाली ती विलीज आणि फोर्ड यांना. त्या दोघांनी सहा लाखांहून अधिक गाड्या केल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत, आणि मग जीपमागे जोडायच्या ट्रेलरांवर तिने गुजराण केली. इतिहास हा विषय शिकवताना मला असल्या जागी नेहमी अडखळायला होते.

आता माझ्या शाफ्टाकडे येतो. गाडी वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ काढतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. हा फरक पचवायला मध्ये आणखी एक डिफरन्शियल लागते. स्पायकरांच्या गाडीत ते होते. जीपमध्ये वजन आणि खटाटोप वाचवण्यासाठी ते गाळले, आणि त्याऐवजी पुढची चाके जोडायला-सोडायला एक दांडा दिला. चिखलात चाक थोडे घसरते, फरक मिटून जातो. डांबरी रस्त्यावर मात्र घसरायला जागा नाही. दांडा तसाच लावून ठेवला तर शाफ्टांना पीळ भरतो, टायर घासतात, सुकाणू जड होते आणि दांडा परत सुटता सुटत नाही. पुढचे-मागचे टायर वेगळ्या झिजेचे असले तर सरळ रस्त्यावरही हेच. दुखणे गाडीचे नसते, दांडा विसरणाऱ्याचे असते.

आपल्याकडे १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे कलेक्टरापासून कंत्राटदारापर्यंत सर्वांच्या खाली ती आली. रस्तेही हळूहळू डांबरी झाले. अडचण इथेच झाली असावी.

आज शेतात आणि वाळूत हिंडणाऱ्या चारचाकी फटफट्यांचीही कथा निराळी नाही. होंडाची १९७० सालची पहिली गाडी तीन चाकांची होती. चारी चाकांनी ओढणारी १९८६ साली आली. दांड्याच्या जागी बटन आले की तक्रार अशी येते, की दिवा लागतो पण चाके ओढत नाहीत. जाणते मिस्त्री आधी चारी टायर सारखे आहेत का पाहतात, मग चिखलाने कुजलेली तार, मग तेल. पेटी उघडायचे सर्वांत शेवटी.

दिवाळी झाल्यावर मी मुद्दाम जीपमालकाकडे गेलो. ओसरीवर चिवडा-चकलीचे ताट आले. शाफ्टाचा विषय काढताच गृहस्थ हसले.

"गुरुजी, टायर लई खायची हो ती. मिस्त्री म्हणाला, काढून टाका, कटकट मिटंल. तवापासनं एकदम निवांत."

"आणि शाफ्ट?"

त्यांनी गोठ्याकडे बोट केले. कलत्या दाराला त्याचा टेकू दिला होता. क्रॉस अजून शाबूत होते. मी हाताने हलवून पाहिले, दोन्ही बाजूंना मोकळे वाकत होते.

"देता का बसवून?" मी विचारले.

"देऊ की," ते म्हणाले, "पण मंग दाराला काय लावू?"