अश्वशक्तिमापन व वातावरणीय शुद्धी

एंजिनाच्या दंडावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती डायनॅमोमीटर या उपकरणाने मोजणे आणि त्या वेळच्या हवेचा दाब व तापमान विचारात घेऊन आलेला आकडा प्रमाणभूत हवेतील आकड्यात बदलणे, अशा दोन क्रियांचा या विषयात समावेश होतो. पहिल्या क्रियेला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. दुसरीचे महत्त्व भोवतालची हवा ओढून चालणारी एंजिने आल्यानंतरच जाणवू लागले. वऱ्हाडातील अकोला व अमरावती या जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत आणि कधी त्याही पुढे चढतो. शिवाय अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सु. ३४० मी. उंचीवर आहे. त्यामुळे थंड प्रदेशात, समुद्रकाठच्या हवेत ठरलेला अश्वशक्तीचा आकडा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

जेम्स वॉट यांनी अश्वशक्तीचे मूल्य मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे ठरविले. पण ती दंडावर मोजण्याचे सोपे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये दिले. त्यांच्या उपकरणात फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरीत आणि ठोकळ्यांना जोडलेली लांब भुजा चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिच्या टोकाला वजने लावीत. वजन व भुजेची लांबी यांचा गुणाकार म्हणजे दंड फिरविणारे परिबल. ते किग्रॅ. मीटरमध्ये घेऊन दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे व ७१६ ने भागावे, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती मिळते. या रचनेत घर्षणाने ठोकळे जळू लागत, म्हणून मोठ्या एंजिनांना ती निरुपयोगी ठरली. विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये घर्षणाऐवजी पाण्याच्या घुसळणीने शक्ती शोषून घेणारा डायनॅमोमीटर सिद्ध केला. वेगवान टरबाइनांच्या चाचण्यांसाठी आजही या तत्त्वाचा उपयोग होतो.

वऱ्हाडात यांत्रिक शक्ती आली ती कापसाच्या मागोमाग. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग खुला झाला व पुढच्याच वर्षी बडनेरा-अमरावती फाटा सुरू झाला. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतील वाफेच्या एंजिनांना बाहेरच्या हवेचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्यांची शक्ती बाष्पित्रातील दाबावर अवलंबून असे. शेतातील विहिरींवर तेल-एंजिने आली तेव्हा ही स्थिती पालटली. मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंदमापी मार्गावर तर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे एंजिन १९९४ पर्यंत चालत होते व त्यानंतर त्याची जागा डीझेलने घेतली. अंतर्ज्वलन-एंजिनाचा सिलिंडर दर फेऱ्याला ठराविक घनफळाची हवा घेतो. हवा तापून विरळ झाली की त्याच घनफळात तिचे वजन कमी भरते आणि तेवढे कमी इंधन जळते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची डायनॅमोमीटरवर चाचणी होते. तेथे नेहमीच्या हवेतील चाचणीबरोबर सु. ४३° से. तापमानाच्या हवेतही चाचणी घेतात. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा आकडाच अधिक कामाचा होय.

वायू टरबाइनाच्या बाबतीत हवेचा प्रभाव कितीतरी अधिक असतो. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथील पहिल्या वीजनिर्मिती टरबाइनाची चाचणी आउरेल स्टोडोला यांनी घेतली. टरबाइनाने १५,४०० किवॉ. शक्ती निर्माण केली. त्यांपैकी ११,४०० किवॉ. त्याच्याच संपीडकाने खाल्ली आणि वीज मिळाली ती केवळ ४,००० किवॉ. जमाखर्चाचे आकडे इतके मोठे व शिल्लक इतकी लहान असल्यावर आत येणारी हवा थोडी जरी तापली, तरी शिलकीला मोठा फटका बसतो. सर्वसाधारण औद्योगिक टरबाइनात तापमान दर अंशाने वाढल्यास शक्ती सु. अर्धा ते एक टक्का घटते. म्हणून या टरबाइनांची शक्ती १५° से. तापमान, ७६० मिमी. पारा दाब व ६०% सापेक्ष आर्द्रता या प्रमाणभूत स्थितीत सांगतात.

शुद्धीचे गणित येथे चकवणारे आहे. पेट्रोल एंजिनासाठी रूढ असलेल्या सूत्रात मोजलेली शक्ती दाबाच्या गुणोत्तराने भागतात व निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणतात. वायू टरबाइनासाठी मात्र दोहोंनीही भागावे लागते. कारण टरबाइनाची तुलना समान फेऱ्यांवर नव्हे, तर समरूप प्रवाहावर करावयाची असते. तापलेल्या हवेत तशी स्थिती राखावयाची, तर फेरे त्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणि ज्वलनवायूंचे निरपेक्ष तापमान भोवतालच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढवावे लागते. तसे केल्यास वजनाने हवा कमी आली, तरी दर किग्रॅ. हवेमागे अधिक कार्य मिळते.

उदा., अमरावतीस ४५° से. व ७३० मिमी. दाब असताना टरबाइनाने २,००० अश्वशक्ती दिली असे समजू. दाबाचे गुणोत्तर ०·९६ व तापमानाचे ३१८ ÷ २८८, म्हणजे १·१०४ येते. त्याचे वर्गमूळ १·०५. शोधित शक्ती सु. १,९८० येईल. ती ज्या फेऱ्यांवर मिळाली तो आकडाही १·०५ ने भागावा लागतो; २०,००० फेरे येथे सु. १९,०३० ठरतात. पेट्रोल एंजिनाचे सूत्र चुकून वापरल्यास शक्ती सु. २,१९० दिसेल. दहा टक्क्यांचा हा फरक झिजलेल्या पात्यांचे टरबाइन सुस्थितीत असल्याचे दाखविण्यास पुरेसा आहे. शोधित आकडा एंजिनाची प्रकृती सांगतो. त्या दिवशी किती भार ओढला जाईल, हे सांगत नाही. भर उन्हात ज्वलनवायू हवे तेवढे तापविता येत नाहीत, कारण पात्यांचा धातू ते सोसत नाही, आणि शक्ती प्रत्यक्षात घटतेच.

महाराष्ट्रातील वायू टरबाइन वीज केंद्र १९८२ मध्ये उरण येथे, समुद्रकाठी उभे राहिले. वऱ्हाडातील पारस येथील केंद्र मात्र कोळसा व वाफेवर चालणारे आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथे १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती एटीआर ७२ जातीच्या विमानाने. त्याचे पंखे वायू टरबाइनांनी फिरतात व या जातीच्या ६०० मालिकेत प्रत्येक एंजिनाची उड्डाणशक्ती २,४७५ अश्वशक्ती असते. अशी एंजिने मुद्दाम क्षमतेपेक्षा कमी शक्तीला बांधून ठेवलेली असतात. त्यामुळे ठराविक तापमानापर्यंत ती पूर्ण शक्ती देतात व त्यानंतरच घट सुरू होते. डायनॅमोमीटर विमानात नेता येत नसल्याने तेथे दंडाला पडणारा सूक्ष्म पीळ मोजून परिबल काढतात. उड्डाणापूर्वी वैमानिक धावपट्टीवरील तापमान व दाब घेऊन तक्त्यावरून अपेक्षित परिबल व विमानाचे अनुज्ञेय वजन ठरवितो.