मृगया, शिकार आणि काडतूस : मध्य प्रांतातील दारूगोळ्याची निवड आणि शिकारगद्याची नीती

‘मृग’ या शब्दाचा इतिहास तौलनिक अभ्यासकांना परिचित आहे. वैदिक भाषेत तो वन्य श्वापदमात्राचा वाचक होता. ‘मृगेंद्र’ आणि ‘शाखामृग’ या समासांत तो व्यापक अर्थ टिकून राहिला, पुढे मात्र तो हरणापुरता संकोचला. इंग्रजीतील ‘डिअर’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही पशूचा वाचक होता आणि त्याचा जर्मन सगोत्र ‘टीअर’ आजही पशू याच अर्थाने वापरला जातो. दोन्ही भाषांत हरीण हे शिकारयोग्य प्राण्याचे प्रतिरूप ठरले. परंतु हरणासाठी कोणती गोळी आणि हरणाहून मोठ्या जनावरासाठी कोणती, हा प्रश्न मृगयेच्या परंपरेचा नव्हे. तो ‘शिकार’ या फार्सी आणि ‘काडतूस’ या पोर्तुगीज मुळाच्या शब्दांबरोबर आलेल्या जगाचा आहे. या प्रश्नाने शिकारविषयक गद्याची नीती कशी घडवली, याचा विचार येथे मध्य प्रांताच्या संदर्भात केला आहे.

संस्कृत परंपरेत मृगयेचा दोष लक्ष्याचा असतो. हत्ती समजून दशरथ बाण सोडतो आणि पाणी भरणारा मुनिकुमार विद्ध होतो; पांडू हरणाच्या जोडप्यावर बाण सोडतो आणि ते हरीण म्हणजे किंदम ऋषी असतो. कोणाला मारले आणि कोणत्या क्षणी मारले, एवढाच तेथे अपराधाचा निकष आहे. बाण अपुरा पडला, असे या कथांत होत नाही. शब्दवेधी कौशल्य अचूक असते आणि ते अचूक असल्यामुळेच अनर्थ घडतो. एकोणिसाव्या शतकातील शिकारगद्यात अपराधाचे हे स्थान बदलते. तेथील अपराधी जनावराला घायाळ करून सोडून देणारा असतो आणि या अपराधाचे मूळ पुष्कळदा चुकीच्या काडतुसात असते.

या स्थित्यंतराची एक महत्त्वाची भूमी छत्तीसगड आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर हा प्रदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. आज भिलाई शहराची वस्ती असलेली जुनवानी ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९०६ मध्ये स्थापन झाला. शिवनाथ खोऱ्यातील भाताचे हे मैदान. त्याच्या वायव्येला मैकलची रांग आणि दक्षिणेला दल्ली-राजहऱ्याचे डोंगर. या अरण्यप्रदेशांत नव्वद किलोपर्यंत भरणारे चितळ, तीनशे किलोपर्यंत जाणारे सांबर आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे गवे व रानम्हशी यांचा वावर होता. एकाच दिवसाच्या भ्रमंतीत इतक्या भिन्न शरीरांची जनावरे समोर येण्याची शक्यता असल्यामुळे दारूगोळ्याची निवड हा येथे वादाचा विषय झाला.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकारी बंदुका आणि त्यांच्या गोळ्या यांवर त्याने आधीच स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. दाट रानात अंतर थोडे असते. तेव्हा कमी पिळाच्या नळीतून भरपूर दारूनिशी सोडलेली वाटोळी गोळी अधिक कामाची, हे त्याचे प्रतिपादन होते. त्या काळी गोळीचे मोजमापही वजनावरून होत असे. ‘बारा बोर’ म्हणजे एक पौंड शिशातून ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात ते माप. अशी गोळी सुमारे ३८ ग्रॅमची असते. पुढे लांबट गोळी आणि तिच्या टोकाला पोकळी ठेवणारी ‘एक्स्प्रेस’ रायफल रूढ झाली. हलकी, वेगवान, पोकळ गोळी हरणाच्या देहात पसरून त्याला जागीच पाडते. जाड कातडीच्या व भरीव स्नायूंच्या जनावरात मात्र ती वरच्यावर फुटून जाते. सॅम्युएल बेकर याने १८९० मध्ये या पोकळ गोळीवर कठोर टीका केली. त्याची पसंती ०.५७७ मापाच्या, ६४८ ग्रेन म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम वजनाच्या भरीव गोळीला होती : वाघ-सांबरासाठी शुद्ध शिशाची, रानम्हशीसारख्या जनावरासाठी कथील मिसळून कठीण केलेली. गोळी पसरावी, पण तिचे तुकडे होऊ नयेत, हे त्याचे सूत्र होते.

धूरविरहित दारूने या सूत्राची परीक्षा पाहिली. ०.३०३ मापाची कवचबंद लष्करी गोळी वेगवान होती, परंतु शरीरातून बारीक छिद्र पाडून निघून जात असे. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात १८९६ च्या सुमारास तिचे टोक उघडे ठेवण्यात आले. १८९९ च्या हेग घोषणेने अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या आणि १९०७ मध्ये ब्रिटननेही ती घोषणा स्वीकारली. शिकारीच्या नीतीत मात्र नेमकी तीच गोळी आवश्यक ठरली. माणसाच्या बाबतीत जी क्रूरता, तीच हरणाच्या बाबतीत दया. कारण कवचबंद गोळीने विद्ध झालेले हरीण मैलभर पळून झुडपात मरते. दोन्ही नियमांमागचा हेतू वेदना कमी करण्याचाच आहे. फरक असा की युद्धात शत्रू जायबंदी होणे पुरेसे असते, तर शिकारीत जनावर मरणेच अपेक्षित असते.

तथापि निवड केवळ जनावराच्या देहावर अवलंबून नव्हती. १८९८ मध्ये निघालेली ०.४५० नायट्रो एक्स्प्रेस ही रायफल गव्यासारख्या जनावरासाठी आदर्श मानली जात होती. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात या मापावर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी बंदुकीच्या गोळीचा व्यास तोच होता आणि शिकारी काडतुसांतील गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती त्यामागे होती. त्यामुळे इंग्रज कारागिरांनी ०.४७० आणि ०.४६५ ही मापे प्रचारात आणली. पुढे मोठ्या जनावरांसाठी जगभर नावाजलेली ही काडतुसे अशा रीतीने गव्याच्या अंगरचनेपेक्षा राज्यकर्त्यांच्या धास्तीतून जन्मली.

हीच धास्ती १८७८ च्या शस्त्र कायद्यात अधिक उघड दिसते. त्या कायद्याच्या अंमलात युरोपीयांना परवान्यापासून सूट होती. संस्थानिकादी मोजके अपवाद वगळता एतद्देशीयांना ती नव्हती. पिकांच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला परवाना मिळाला, तरी हाती येई ती बहुधा ठासणीची बंदूक. रानडुक्कर किंवा सांबर तिच्या एका बाराने पडेलच याची शाश्वती नसे आणि दुसरा बार ठासायला अवधी नसे. साहेबाच्या संहितेनुसार जनावर घायाळ सोडणे हा अधर्म. पण तो टाळण्याची साधने कायद्याने वाटून दिलेली होती. शिवाय साहेबाच्या हातून घायाळ झालेल्या जनावराचा माग काढण्यासाठी पुढे चालणारा गोंड किंवा बैगा पुष्कळदा केवळ कुऱ्हाड बाळगून असे. चुकीच्या काडतुसाची किंमत तो चुकवीत असे आणि वृत्तांतात बहुधा त्याचे नावही येत नसे. १९४४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या ग्रंथात जिम कॉर्बेटने वाघ नरभक्षक होण्याच्या कारणांत निष्काळजीपणे झाडलेल्या आणि पाठपुरावा न केलेल्या गोळीची जखम गणली आहे. म्हणजे या साहित्यप्रकारातील कथेचा आरंभच अनेकदा कोणाच्या तरी अपुऱ्या गोळीतून होतो.

स्वातंत्र्यानंतरही लष्करी मापे नागरिकांना निषिद्धच राहिली. सरकारी आयुधनिर्माणीने शिकारीसाठी दिलेले ०.३१५ हे माप जुन्या ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाचे आहे, ०.३०३ ला असलेली मनाई हेच त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण. दरम्यान अरण्यच आक्रसले. १९४७ मध्ये कोरियाचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले आणि देशातील चित्त्याची ती अखेरची विश्वसनीय नोंद ठरली. येथे काडतूस निर्दोष होते. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि दल्ली-राजहऱ्याचे डोंगर लोहखनिजासाठी खणले जाऊ लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या वादावर पडदा टाकला. छत्तीसगडचा राज्यप्राणी असलेली रानम्हैस आज तेथे अगदी थोड्या संख्येने उरली आहे.

शिकारगद्याच्या नीतीची मर्यादा येथे स्पष्ट होते. एक जनावर कसे मारावे, याचे सूक्ष्म उत्तर तिने दिले. किती मारावीत, हा प्रश्न तिच्या कक्षेत क्वचितच आला. मृगयेला राजाचे व्यसन मानणाऱ्या कौटिल्यादी शास्त्रकारांनी निदान आसक्तीचा प्रश्न उपस्थित केला होता. मराठीत हे वळण व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात दिसते. बंदूक परिचयाची असलेल्या या लेखकाचे ‘नागझिरा’ हे पुस्तक, दुर्गच्या पश्चिमेस त्याच लोहमार्गाच्या टापूत असलेल्या अरण्यातील मुक्कामाचे, केवळ निरीक्षणाचे आहे. माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, निश्चल बसणे ही शिकाऱ्याची सारी विद्या तेथे शाबूत आहे. गळाले आहे ते काडतूस. तौलनिक दृष्टीने पाहता, अपराध लक्ष्याकडून साधनाकडे आणि साधनाकडून कृतीकडे सरकण्याचा हा क्रम हाच मृगया, शिकार आणि अरण्यवाचन या तीन गद्यपरंपरांमधील खरा भेद आहे.