आकारस्मृती मिश्रधातूंचे संगणकीय प्रतिमान

आकारस्मृती मिश्रधातूंची विकृती आणि त्यांतील प्रावस्थाबदल यांचा समीकरणांच्या आधारे संगणकावर घेतलेला अंदाज. निकेल-टायटॅनियमची निटिनॉल ही यांतील सर्वपरिचित मिश्रधातू. तिची वाकवलेली तार गरम पाण्यात सोडली की सरळ होते. थंडीतली मार्टेन्साइट प्रावस्था जाऊन मूळची ऑस्टेनाइट रचना परत येते.

पंचाईत अशी की, तापवताना हा बदल ज्या तापमानाला होतो, निवताना तो तिथेच उलटत नाही. आणखी खाली उतरावे लागते. म्हणजे आत्ताचे तापमान व प्रतिबल कळून भागत नाही, तारेचा पूर्वेतिहासही लागतो. म्हणून मार्टेन्साइटचे प्रमाण ० ते १ मधील अंतर्गत चल मानतात. तनाका यांनी १९८६ मध्ये त्यासाठी घातांकी सूत्र वापरले, तर लिआंग व रॉजर्स यांनी १९९० मध्ये कोज्या फल. कॅथरीन ब्रिन्सन यांनी १९९३ मध्ये प्रतिबलाने आणि तापमानाने झालेले मार्टेन्साइट वेगळे काढले. ही दुरुस्ती साधी दिसते, पण कमी तापमानातले वर्तन त्यामुळेच नीट मांडता आले.

रक्तवाहिनीतील निटिनॉलचा स्टेंट नळीत दाबून बसवताना व आत उलगडताना कुठे किती ताणला जाईल, हे अशी प्रतिमाने वापरून फायनाइट एलिमेंट पद्धतीने आधीच पाहतात. निटिनॉल सुमारे ८ टक्के विकृती परत मिळवते, पण वारंवार ताणल्यास गुणधर्म सरकतात. साधी प्रतिमाने इथे अडखळतात. शिवाय निकेलचे प्रमाण ०.१ टक्का बदलले तरी रूपांतरणाचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने हलू शकते, त्यामुळे प्रत्येक नमुन्याची मोजमापे प्रतिमानात नव्याने भरावी लागतात.