दप्तर आणि राज्यधोरण : कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या निमित्ताने

सार्वजनिक धोरण आणि माहितीचे व्यवस्थापन हे दोन विषय विद्यापीठांतून दीर्घकाळ स्वतंत्रपणे शिकविले गेले. राज्यकारभाराचा विचार राज्यशास्त्राने करावयाचा आणि कागदपत्रांची मांडणी ग्रंथालयशास्त्राने पाहावयाची, अशी ही वाटणी होती. अलीकडे अमेरिकेतील काही विद्यापीठांनी या दोहोंची जोडपदवी सुरू केली आहे. ही जोड सामान्यतः संगणकयुगाची निर्मिती मानली जाते. परंतु मराठी राज्यकारभाराच्या इतिहासाकडे पाहिले असता, निर्णय करणे आणि निर्णयाचा आधार असलेला कागद राखणे ही दोन कामे तेथे एकाच शिक्षणाची अंगे होती, असे दिसून येते. कुरुंदवाडच्या पटवर्धन घराण्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या परिसरात वसलेले कुरुंदवाड हे आज कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात मोडते. पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे कोकणातील कोतवड्याचे. इचलकरंजीकर घोरपडे यांचे ते उपाध्ये होते. त्यांच्या पुत्रांपैकी गोविंद हरी यांची शाखा मिरजेस, रामचंद्र हरी यांची तासगावास व पुढे जमखंडीस आणि त्रिंबक हरी यांची कुरुंदवाडास नांदली. थोरले माधवराव पेशवे यांनी १७६४ च्या सुमारास गोविंद हरी, परशुराम रामचंद्र व नीलकंठ त्रिंबक यांच्या नावे आठ हजार स्वारांचा सरंजाम बांधून दिला. दक्षिणेस हैदर अलीचा उपद्रव आणि पश्चिमेस करवीरकरांशी असलेला वाद लक्षात घेता, या सरहद्दीवर एक भरवशाचे घराणे उभे करणे हे पेशव्यांचे ठरविलेले धोरण होते. या धोरणाची किंमत पटवर्धनांनी मोजली. १७७७ च्या प्रारंभी सावंशीच्या लढाईत कुरुंदवाड शाखेचे कोन्हेरराव त्रिंबक ठार झाले आणि मिरज शाखेचे पांडुरंगराव हैदराच्या कैदेत पडून तेथेच मरण पावले.

सरंजाम म्हणजे निव्वळ जमिनीची देणगी नव्हे. अमुक गावांची अमुक बेरीज आणि तिच्या मोबदल्यात अमुक स्वारांची चाकरी, असा तो हिशेबी करार होता. सनदेबरोबर तैनात जाबता येई; स्वारांची गणती घेतली जाई; शिलेदाराच्या घोड्याची किंमत ठरवून ती नोंदली जाई. ही माहिती खोटी अथवा शिळी असली, तर कागदावरील आठ हजार स्वार रणांगणावर दिसणार नाहीत, हे पुण्यास पुरते ठाऊक होते. म्हणूनच मोठ्या सरंजामदारांकडे हुजुरातीतून दरकदार नेमून देण्याची वहिवाट होती. जिल्ह्यांच्या कारभारातही हेच तत्त्व होते. मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे आठ दरकदार असत. मुजुमदाराने कागद तपासल्याखेरीज तो फडणीसाकडे जात नसे. फडणिसाच्या रोजकीर्दीवरून दप्तरदार खतावणी करी आणि दरमहा गोषवारा वर पाठवी. या दरकदारांना दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. निर्णय घेणारा एक आणि त्याची नोंद राखणारा दुसरा, पण नोंद राखणाऱ्यासही कारभार पुरता कळतो, असा या रचनेचा पेच होता.

पुण्यातील हुजूर दप्तर हे या व्यवस्थेचे शिखर होय. तेथे सुमारे दोनशे कारकून काम करीत. चालते दप्तर फडणिसाच्या देखरेखीखाली दैनंदिन व्यवहार पाही, तर एकबेरीज दप्तर सर्व खात्यांचे हिशेब जमवून, त्यांचे वर्गीकरण करून वार्षिक गोषवारा तयार करी. राज्याची जमा, खर्च व शिल्लक एका दृष्टिक्षेपात कळावी हा त्यामागील उद्देश होता. उमेदवार म्हणून दप्तरात शिरलेला मुलगा मोडी वळण, हिशेब आणि मसुदा या क्रमाने शिकत जाई. तो कागद शिकता शिकता कारभार शिके. नाना फडणीस (१७४२–१८००) यांचा दरक वंशपरंपरेने आलेला होता. राज्याच्या सूत्रचालनापर्यंतचा त्यांचा प्रवास याच दप्तरातून झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या पद्धतीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. विद्या मोजक्या लेखणीबहाद्दर घराण्यांत कोंडलेली होती आणि दरक वंशपरंपरागत झाल्याने योग्यतेपेक्षा जन्म प्रभावी ठरे. दप्तर सरकारच्या उपयोगाचे होते; ज्याच्या शेताची बेरीज त्यात लिहिली जाई, त्या रयतेस ते वाचता येत नव्हते. शिवाय ही व्यवस्था राज्यकर्त्याच्या इच्छेवर अवलंबून होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा दरकदारांच्या तपासणीला अर्थ उरला नाही. हुजूर दप्तराचीही हेळसांड झाली. धोरण बिघडले तेव्हा दप्तर बिघडले, आणि दप्तर बिघडल्यावर धोरण सुधारण्याचे साधनही राहिले नाही.

१८१९ मध्ये कंपनी सरकारने पटवर्धन सरदारांशी स्वतंत्र करार केले. पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले आणि त्याचे कार्य पालटले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा याच जुन्या कागदांच्या आधारे दख्खन व दक्षिण महाराष्ट्रातील इनामांची छाननी झाली. पिढ्यान् पिढ्यांचा भोगवटा असूनही ज्याचा कागद मिळेना, त्याचे इनाम धोक्यात आले. माहिती ज्याच्या ताब्यात, न्यायाचे माप त्याच्या हाती, हा धडा त्या काळी अनेक कुटुंबांना कडूपणाने मिळाला.

कुरुंदवाड संस्थानाची १८५४ मध्ये थोरली व धाकटी अशा दोन पात्यांत वाटणी झाली. १९०१ मध्ये थोरल्या पातीचे क्षेत्र १८५ चौरस मैल व लोकसंख्या ४२,४७४, तर धाकटीचे क्षेत्र ११४ चौरस मैल व लोकसंख्या ३४,००३ होती. हा मुलूख सलग नव्हता. विजापूरकडील टिकोटे थोरल्या पातीत होते. मार्च १९४८ मध्ये दोन्ही पाती मुंबई प्रांतात विलीन झाल्या आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा जुना मुलूख दोन राज्यांत विभागला गेला. अशा संस्थानाचा प्रशासकीय इतिहास लिहावयाचा, तर एका जिल्ह्याच्या अभिलेखागारावर भागत नाही.

पटवर्धनी कागदांपुरते महाराष्ट्राचे भाग्य चांगले. मिरजेस संस्कृतचे अध्यापन करणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी हे कागद वाचून, लावून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने अनेक भागांत प्रसिद्ध केले. छावणीतून घरी आणि पुण्याहून सरदारांकडे गेलेल्या या पत्रांत फौजेची चाल, धान्याचा भाव, दरबारातील मसलत असे सर्व आढळते. एका शिक्षकाच्या व्यासंगाने जे साधले, ते संस्थात्मक व्यवस्थेने साधावयास हवे होते.

हा प्रश्न इतिहाससंशोधकांपुरता नाही. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य टाकले आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या मोडी कागदांच्या वाचनास एकाएकी राजकीय व सामाजिक महत्त्व प्राप्त झाले. लक्षावधी लोकांच्या हक्काचा प्रश्न मोडी वाचणाऱ्या थोड्या जाणकारांपाशी येऊन थांबला. धोरण ठरविणाऱ्यास दप्तर वाचता येत नाही आणि दप्तर वाचणाऱ्यास धोरणात स्थान नाही, ही या दुराव्याची फलश्रुती होय.

म्हणून जोडपदवीचा विचार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी करावयाचा झाल्यास, संगणक व संख्याशास्त्र यांबरोबर मोडी लिपी, अभिलेखविद्या आणि दरकदारी पद्धतीचा इतिहास यांना त्यात स्थान असावे. जुन्या व्यवस्थेतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत : नोंद राखणाऱ्यास कारभार कळला पाहिजे, आणि त्याला कारभाऱ्याच्या लहरीपासून संरक्षण असले पाहिजे. तिसरी गोष्ट जुन्या व्यवस्थेत नव्हती, ती नव्याने घालावी लागेल. ती ही की, ज्याच्याविषयी नोंद लिहिली गेली, त्या सामान्य माणसास ती वाचता आली पाहिजे.