स्ट्राइकआउटचा विक्रम : ३८३ चा टप्पा अद्याप अबाधित

क्रिकेटमध्ये गोलंदाजाची थोरवी बळींच्या संख्येवरून ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजेच पिचरच्या बाबतीत ‘स्ट्राइकआउट’ला असेच महत्त्व आहे. फलंदाजाने बॅट फिरवूनही चेंडू हुकला किंवा ठरावीक पट्ट्यातून आलेला चेंडू त्याने खेळलाच नाही, तर ‘स्ट्राइक’ दिला जातो. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होतो. यात क्षेत्ररक्षकांचा वाटा नगण्य असल्याने हंगामात सर्वाधिक स्ट्राइकआउट मिळविणारा पिचर विशेष मानाचा ठरतो.

अवघ्या एका बळीचे अंतर

लॉस एंजेलिस डॉजर्सच्या सँडी कूफॅक्सने १९६५ मध्ये ३८२ स्ट्राइकआउट मिळवून रुब वॉडेलचा १९०४ मधील ३४९ चा विक्रम मोडला. आठ वर्षांनी कॅलिफोर्निया एंजल्सचा नोलन रायन या आकड्याजवळ पोहोचला. २७ सप्टेंबर १९७३ रोजी मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध हंगामातील अखेरच्या सामन्यात उतरताना त्याला विक्रमासाठी १६ बळी हवे होते. आठव्या डावापर्यंत त्याने कूफॅक्सशी बरोबरी साधली. नऊ डावांनंतरही सामना बरोबरीत राहिल्याने खेळ लांबला आणि अकराव्या डावात रिच रीजला बाद करून रायनने ३८३ चा टप्पा गाठला.

अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरऐवजी दुसऱ्याने फलंदाजी करण्याचा नियम लागू झाला होता. त्यामुळे फलंदाजीत कच्च्या असणाऱ्या प्रतिस्पर्धी पिचरचे सोपे बळी कूफॅक्सप्रमाणे रायनला मिळाले नाहीत.

जुने आकडे वेगळे

बाल्टिमोरच्या मॅट किलरॉयने १८८६ मध्ये ५१३ स्ट्राइकआउट नोंदविले होते. मात्र त्या काळी चेंडू ५० फुटांवरून टाकला जात असे. १८९३ मध्ये हे अंतर ६० फूट ६ इंच झाले. त्यामुळे त्याआधीचे आकडे तुलनेसाठी सहसा धरले जात नाहीत.

विक्रम का टिकला?

स्ट्राइकआउटचे प्रमाण घटलेले नाही. उलट वाढले आहे. रायनने १९७३ मध्ये दर नऊ डावांमागे सुमारे १०.६ बळी टिपले, तर ह्यूस्टन अॅस्ट्रोजच्या गेरिट कोलने २०१९ मध्ये १३.८. तरीही कोल ३२६ वर थांबला. रायनने त्या हंगामात ३२६ डाव टाकले आणि २६ सामने एकट्याने पूर्ण केले. कोलने जेमतेम २१२ डाव टाकले आणि एकही सामना पूर्ण केला नाही. हाच वेग राखून ३८३ गाठण्यासाठी त्याला सुमारे २५० डाव लागले असते.

हाताच्या दुखापती टाळण्यासाठी संघ आता पिचरच्या चेंडूंची मोजदाद ठेवतात आणि ताज्या दमाचा खेळाडू लवकर मैदानात उतरवतात. संधिवातामुळे कूफॅक्सला १९६६ च्या हंगामानंतर, वयाच्या तिसाव्या वर्षीच निवृत्ती पत्करावी लागली होती. २०२० ते २०२५ या सहा हंगामांत तर कोणीही ३०० चा टप्पा गाठला नाही. अटलांटा ब्रेव्ह्जच्या स्पेन्सर स्ट्रायडरचे २०२३ मधील २८१ बळी हीच या काळातील सर्वोच्च कामगिरी ठरली.

एका हंगामातील सर्वाधिक स्ट्राइकआउट (१९०१ पासून)

१) नोलन रायन – ३८३ (१९७३)
२) सँडी कूफॅक्स – ३८२ (१९६५)
३) रँडी जॉन्सन – ३७२ (२००१)
४) नोलन रायन – ३६७ (१९७४)
५) रँडी जॉन्सन – ३६४ (१९९९)